पन्नासचा खिळा

तुमच्या घरातल्या कमावत्या माणसाचं वजन किती आहे? अंदाजे नको, आकडा सांगा. गेल्या वर्षी याच महिन्यात किती होतं, तेही सांगा.

सांगता येणार नाही तुम्हाला. गॅसचा बाटला हलका लागला तर तुम्ही आणणाऱ्याशी भांडता. गव्हाची गोण शंका आली तर पुन्हा काट्यावर चढवायला लावता. माणूस हलका झाला की म्हणता, ‘बारीक झालास, छान दिसतोस.’ अख्ख्या बडोद्यात मी एकच माणूस असा पाहिला, जो कामावर जाणाऱ्या माणसांची वजनं वर्षानुवर्षं लिहून ठेवत होता. तो डॉक्टर नव्हता. कुठल्या संघटनेचाही नव्हता. घडियाळी पोळमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीत, तो जुन्या मोटरसायकलींच्या पुढच्या स्प्रिंगा बदलून देत असे. त्याचं काम मी बंद पाडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याच्या विक्षिप्तपणाला हसाल तेव्हा तुम्हाला हसवणारी कोण आहे, हे लक्षात राहील.

त्यांना सगळे काका म्हणत. त्यांचे आजोबा जुन्या राजवटीत मोटारखान्याचे कारकून होते, वडील मास्तर होते, आणि काका स्वतः एका तंत्रशाळेत शिकवत होते. मुलांना इंजिनाच्या आधी पुढचा फोर्क शिकवायचा, असा त्यांनी हट्ट धरला. त्यावरून वरच्यांशी वाजलं आणि ते घरी आले. तळमजल्यावरच्या खोलीत त्यांनी काम मांडलं. इंजिनाला पुढे ते कधी हात लावत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, “इंजिन बघणारे गल्लीगल्लीत बसलेत ने. माणूस इंजिनावर पडतो का? माणूस पुढे पडतो.”

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या असतात, त्यांनाच फोर्क म्हणतात. प्रत्येक नळीत एक लांब स्प्रिंग असते आणि थोडं तेल. खड्डा आला की स्प्रिंग दबते, तेल तिला एकदम उसळू देत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत ही स्प्रिंग दमलेली असते. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते, आणि खड्ड्यात गेली की ठक् असा दणका थेट मनगटात येतो. बाकीचे मिस्त्री अशा वेळी वरचं टोपण उघडून स्प्रिंगेच्या डोक्यावर चार वायसर टाकत आणि ‘कडक करून दिली’ म्हणून गाडी हातात देत. काकांच्या लेखी हे पाप होतं. कुणाच्या गाडीतून असे वायसर निघाले की ते तळहातावर घेऊन मालकाला दाखवत आणि विचारत, “पाय दुखतो म्हणून डॉक्टरने बुटात दगड घातला तर चालेल का तुम्हाला?”

ते स्प्रिंगाच बदलत. मकरपुऱ्याला एक माणूस त्यांना त्यांच्या मापाने तार वळून देई. पण कुठली स्प्रिंग कुठल्या गाडीत, हे गाडीवर ठरत नसे. ते बसणाऱ्यावर ठरे.

म्हणून काट्याचं प्रकरण. खोलीच्या दारातच एक जुना लोखंडी काटा होता, गोण्या तोलायचा, वर घड्याळासारखी तबकडी असलेला. गाडी घेऊन यायचं ते मालकानेच, आणि सकाळी कामावर निघतो तसंच. पायात तेच बूट, डोक्यावर हेल्मेट, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. डबा भरलेला हवा. एकदा मांडवीच्या एका कापडवाल्या शेठने गाडीबरोबर दुकानातला माणूस पाठवला. तो म्हणाला, “काका, मला मोजा आणि वीस-पंचवीस किलो वाढवून लिहा, शेठ जरा अंगाने आहेत.”

काका म्हणाले, “असं कर ने. शेठला सांग, गाडी पण आता तूच चालव.”

शेठ दुसऱ्या दिवशी स्वतः आले. काट्यावर चढताना त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर चार माणसं बसलेली होती. काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तबकडीवर टाकला, स्वतः त्याच्या आत डोकं घातलं, आकडा पाहिला आणि शेठच्या कानात सांगितला. मग निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिला आणि वही मिटली. हे ते प्रत्येकाच्या बाबतीत करत. टॉवेल टाकायचा, कानात सांगायचं, वही मिटायची. मी एकदा विचारलं, “एवढं काय लपवायचं असतं त्यात?”

“वजन त्याचं आहे,” काका म्हणाले. “मला फक्त स्प्रिंगेपुरतं उसनं दिलंय.”

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं. समजलं असं मात्र म्हणवत नाही.

काकांची सकाळही सांगण्यासारखी होती. दुधाला निघाले की पोळमध्ये ओळीने उभ्या असलेल्या एकेका गाडीचं हँडल ते दोन्ही हातांनी खाली दाबत आणि कान देऊन ऐकत. “गेली. गेली. ही बरी. ही पण गेली.” लांबून बघणाऱ्याला वाटावं की अख्खी ओळ या म्हाताऱ्याला वाकून नमस्कार करते आहे. कुणी खिडकीतून ओरडे, “ए काका, नवी छे, दबावो नहीं!” काका वर न बघता म्हणत, “नवी छे तोय नबळी छे.” नवी असली तरी कमजोरच, असं. लग्नाच्या वरातीतही त्यांनी हे केलं होतं. नवरा मोटरसायकलवर बसून आला होता. काकांनी वरात थांबवली, पुढची नळी दाबली आणि नवऱ्याला म्हणाले, “आता दोघं बसणार, तर जोडीने येऊन मोजून जा.” नवरीची आई महिनाभर काकांशी बोलली नाही.

आता मी यात कुठून आले, ते सांगते.

माझे बाबा भुसावळकडून रेल्वेत लागायला म्हणून आले. तिथे जमलं नाही आणि शहराबाहेरच्या एका रसायनाच्या कारखान्यात लागले. आम्ही गोत्रीला दोन खोल्यांत राहत होतो. बाबांच्या युनियनची पत्रकं घरात पडलेली असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. शाळेच्या वह्यांना कव्हरही त्यांचंच होतं, भूगोलाच्या वहीवर ‘आमच्या मागण्या’ आणि गणिताच्या वहीवर ‘धिक्कार’. पुढे युनियन मोडली. बाबांना काढलं आणि ठेकेदाराकडून त्याच जागी, त्याच कामाला परत घेतलं. पत्रकं यायची थांबली. तोवर मी मोठी झाले होते. मग मीच लिहायला लागले. झोपडपट्टीच्या पाण्यावर, बसच्या भाड्यावर, कशावरही. एका पत्रकाची गठ्ठी बाबांच्या गाडीवर मागे बांधून आम्ही काकांकडे गेलो, तेव्हा काकांनी गठ्ठी खाली ठेवून बाबांना काट्यावर उभं केलं. मग गठ्ठीतलं एक पत्रक काढून वाचलं आणि मला म्हणाले, “या, पत्रकबाई. आवाज मोठा आहे तुमचा. आकडा एक पण नाही.”

मला राग आला. पण दर महिन्याला मी तिथे जायला लागले.

खोलीच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची ओळ होती. प्रत्येक खिळ्याखाली निळ्या रंगाने आकडा, पाच-पाच किलोंच्या अंतराने. ज्या वजनाच्या माणसासाठी जी जोडी, ती त्या खिळ्यावर टांगलेली. डावीकडून पहिला खिळा पन्नासचा. तिथे स्प्रिंगा नसत. तिथे काकांची टोपी असे. “बूट, हेल्मेट, भरलेला डबा धरून पन्नास किलोचा पुरुष माणूस अजून माझ्या काट्यावर आला नाही,” ते सांगत. “मग खिळा कशाला रिकामा ठेवायचा?”

एका सकाळी बाबा चिडून तिथे गेले. मी बरोबर होते. काकांनी बसवलेल्या स्प्रिंगांना तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

“काका, तुमच्या स्प्रिंगा आखडल्या,” बाबा म्हणाले. “आधी किती मऊ जायची गाडी. आता नुसते हादरे बसतात. मनगटं भरून येतात.”

काकांनी नळीभोवती नाडाछडीचा, म्हणजे पूजेच्या वेळी मनगटाला बांधतात तो, लाल धागा बांधला. हे त्यांचं मोजण्याचं साधन. धागा खाली सरकवून ठेवायचा, माणसाला गाडीवर बसवायचं, उतरवायचं. स्प्रिंग जेवढी दबली तेवढा धागा वर सरकलेला असतो. बाबा बसले, उतरले. काका वाकून बघत राहिले. धागा जेमतेम हलला होता.

“स्प्रिंग म्हातारी होते, मऊ पडते,” काका सावकाश म्हणाले. “बसते, झिजते, कधी तुटते पण. कडक कधीच होत नाही. जगात एक पण स्प्रिंग वयाने कडक झाली नाही.” मग त्यांनी टॉवेल उचलला. “चढा काट्यावर.”

त्या दिवशी कानात सांगायला ते नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेले होते. बाबा हसले आणि म्हणाले, “बरंच आहे, पोट कमी झालं.” मी वहीत डोकावले. काकांनी वही मिटली नव्हती, विसरले होते. पहिल्यांदा एकाहत्तर. मग सहासष्ट. आज एकसष्ट.

बाबांच्या उशीचा अभ्रा पिवळा पडायचा, धुतला तरी जायचा नाही. ते पावडर विभागात होते. तिथे एक पिवळी पूड गोण्यांत भरत. आई म्हणायची, घाम आहे. आम्हाला सवय झाली होती.

पुढच्या काही महिन्यांत काका कुणाकुणाला सारखं परत बोलावू लागले. मी पाहत होते. बाबांच्याच विभागातले रमणभाई आले, ‘गाडी कडक थई गई’ म्हणत. त्यांच्या मागून दुसरे. काका टॉवेल टाकत, कानात सांगत, लिहीत आणि भिंतीवरून डावीकडची जोडी काढत. पंच्याहत्तर आणि सत्तरच्या खिळ्यांवरच्या स्प्रिंगांना गंज चढू लागला. साठच्या संपल्या. पंचावन्नच्या दोनदा मागवाव्या लागल्या. एक दिवस मी आत शिरले तर काकांची टोपी खुर्चीवर पडलेली होती. पन्नासच्या खिळ्यावर नव्या स्प्रिंगांची जोडी होती.

मी भिंतीकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. पत्रकबाईला आकडे मिळाले होते.

पण आधी काकांनी त्यांच्या पद्धतीने करून पाहिलं, हे सांगायला हवं. एके दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, वही पिशवीत घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. मला बरोबर नेलं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर नुसते आकडे उतरवले होते. बाबांच्या विभागातली अकरा माणसं, प्रत्येकाची तीन-चार वजनं, महिन्यांसकट. नावं नव्हती.

साहेबांनी कागद पाहिला. “तुम्ही डॉक्टर का?”

“नाही. स्प्रिंगवाला.”

“म्हणजे?”

काकांनी फोर्क समजावायला सुरुवात केली. साहेबांनी हात वर केला. “काट्यावर शिक्का आहे का? वजनमापवाल्यांचा?”

नव्हता. काकांनी तो काटा रिक्षात घालून नेला, तपासून घेतला, शिक्का मारून आणला. काटा पंचवीस वर्षांत पाव किलोही चुकलेला नव्हता. आम्ही परत गेलो. आता साहेबांनी विचारलं, “नावं कुठे आहेत?”

“नावं त्यांची आहेत,” काका म्हणाले. “तुम्ही कारखान्यात जा, सगळ्यांना मोजा. आपोआप सापडतील.”

“नाव नसलेल्या कागदाला किंमत नसते, काका,” साहेब म्हणाले. उद्धटपणे नाही. चहाही मागवला त्यांनी.

परतताना मी रिक्षात भांडले. “द्या ना नावं! माणसं संपताहेत आणि तुम्ही टॉवेल धरून बसलात!” काका म्हणाले, “विचारतो एकेकाला. हो म्हटलं त्याचं देतो. वेळ लागेल.” मी म्हटलं, “वेळ त्यांच्याकडे आहे का?” त्यांनी खरंच विचारायला सुरुवात केली. पहिले दोघे नाही म्हणाले. तिसरा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो.

मला वाट बघायची नव्हती. लहानपणापासून मी एकच गोष्ट शिकले होते, की नाव नसलेलं पत्रक म्हणजे अफवा. साहेबांनी तेच सांगितलं होतं. आणि मी बरोबर होते, याची मला इतकी खात्री होती की आज ती खात्री आठवली तरी अंगावर काटा येतो.

बडोद्यात दुपारी दुकानं बंद होतात आणि शहर झोपतं. काका खिळ्यांच्या भिंतीखाली फळीवर पडत, तोच टॉवेल तोंडावर घेऊन. मला म्हणत, “बस, कुणी आलं तर उठव.” त्या दुपारी मी वही उघडली आणि अकराही नावं, सगळ्या आकड्यांसकट, उतरवून घेतली. त्यांचा श्वास टॉवेलखाली सावकाश वरखाली होत होता. मी एकदाही थांबले नाही.

पत्रक मराठीत आणि गुजरातीत छापलं. पहिलं नाव बाबांचं घातलं. आपलं माणूस मागे लपवायचं नाही, असं माझं तत्त्व. सकाळच्या पाळीला गेटसमोर मी स्वतः वाटलं. लोक थांबून वाचत होते, एकमेकांना आकडे दाखवत होते. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं पत्रक होतं. त्यात एक शब्द मोठा नव्हता. नुसते आकडे.

पंधरा दिवसांत अकराही जणांचे गेटपास संपले आणि नवे मिळाले नाहीत. बाबा विचारायला गेले, तेव्हा ठेकेदाराच्या मुकादमाने खिशातून माझं पत्रक काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. “तमे ज लख्युं छे ने, के माणसो नबळा पडी गया? तो नबळा माणसने अंदर केम लेवाय?” तुम्हीच लिहिलंय ना, माणसं अशक्त झाली म्हणून? मग अशक्त माणसाला आत कसं घ्यायचं, असं त्याचं म्हणणं.

मी सात रात्री जागून जो पुरावा लिहिला, तो त्यांनी जसाच्या तसा वापरला. एक आकडा बदलावा लागला नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या गावातून जाडजूड अकरा आणले. पिवळी पूड गोण्यांत भरली जातच राहिली.

रमणभाई घरी आले. मला वाटलं, शिव्या देतील. मी उत्तरं तयार ठेवली होती, लढा, किंमत, उद्याची पिढी. ते दारातच उभे राहिले. पत्रकाची चार घड्यांची चौकोनी घडी त्यांच्या मुठीत होती. म्हणाले, “बेन, तें चोपन लख्युं. घरे में पांसठ कह्युं हतुं.”

मी चोपन्न छापलं होतं. बायकोला त्यांनी पासष्ट सांगितलं होतं. दर वेळी पासष्टच सांगत आले होते. एवढंच बोलून ते गेले.

बाबांनी जेवण झाल्यावर ताट सरकवलं आणि म्हणाले, “मला विचारायचं होतंस.” नंतर कधीच हा विषय काढला नाही. घरातली जुनी पत्रकं मात्र त्यांनी सुतळीने बांधून माळ्यावर टाकली.

काकांकडे जायला मला चार दिवस लागले. ते खाली बसून एका गाडीचा फोर्क रिकामा करत होते. नळ्यांमधलं काळं तेल पत्र्याच्या घमेल्यात गळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, निळी वही आणली आणि माझ्यासमोर त्या घमेल्यात सोडली. बुडेना, तेव्हा बोटांनी पानं उलगडून एकेक पान तेलात दाबलं. कागद आधी पारदर्शक झाला. क्षणभर सगळ्या पानांवरचे सगळे आकडे एकावर एक दिसले. मग काही दिसेना.

“वाच आता,” ते म्हणाले. पत्रकबाई म्हणाले नाहीत.

काटा त्यांनी पोळच्या तोंडाशी बसणाऱ्या कांदेवाल्याला देऊन टाकला. भिंतीवरच्या आकड्यांवर चुना फासला. काम चालूच होतं, पण कुणाला काट्यावर चढवत नसत, कुणाच्या कानाशी वाकत नसत. सगळ्या गाड्यांत एकच जोडी घालत. “साठ,” ते म्हणत. “सगळे साठ.” आणि एके दिवशी मी लांबून पाहिलं, एका माणसाने गाडी फारच खाली बसते म्हणून तक्रार केली तेव्हा काकांनी टोपण उघडलं, डब्यातून चार वायसर काढले आणि स्प्रिंगेच्या डोक्यावर टाकले. पलीकडच्या कुठल्याही मिस्त्रीसारखे. त्यानंतर मी तिथे गेले नाही. पोळमधल्या गाड्यांनाही कुणी सकाळी वाकायला लावत नव्हतं.

बाबा उतरत गेले. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. कागदावर प्रत्येक जण ‘अशक्तपणा’ लिही. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. बाबा खिडकीतून तिच्याकडे बघत.

एके सकाळी काका आले. अकोट्याचा पूल ओलांडून, दोन बस बदलून, कापडी पिशवीत स्प्रिंगांची जोडी घेऊन. माझ्याशी बोलले नाहीत. बाबांना म्हणाले, “तुमच्या गाडीचं काम राहिलंय माझ्याकडे.”

“आता कुठे चालवतो मी, काका,” बाबा म्हणाले.

“चालवायची गोष्ट वेगळी. गाडी तुमच्या मापाची नको का?”

तासभर ते पार्किंगमध्ये काम करत होते. मग वर आले, बाबांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचललं. अगदी सावकाश उचललं, क्षणभर तसंच धरून ठेवलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, दमले. त्यांना तसेच धरून एकेक पायरी खाली नेलं, गाडीवर बसवलं. नळीला लाल धागा बांधला.

“पुढचा ब्रेक दाबून जरा रेटा.”

बाबांनी रेटलं. गाडी हलकेच वाकली आणि हलकेच वर आली.

“कडक लागते का?”

“नाही हो,” बाबा म्हणाले. आणि बऱ्याच दिवसांनी हसले. “पहिल्यासारखी.”

त्यांनी पुन्हा रेटलं, पुन्हा, पुन्हा. काका धागा सोडवायचा विसरून बघत राहिले. बाबांना वर पोहोचवून ते पुन्हा एकटेच गाडीपाशी गेले आणि टोपण उघडून बराच वेळ बसले. तीन आठवड्यांनी बाबा गेले. मी काकांकडे निरोप धाडला. ते स्मशानात आले, लांब उभे राहिले आणि तिथूनच परतले. पुढच्या वर्षी तेही गेले. त्यांच्या खोलीत आता मोबाइलची दुरुस्ती चालते आणि भिंतीवर फरश्या लागल्यात.

ती गाडी मी इतकी वर्षं तशीच ठेवली. गेल्या महिन्यात सोसायटीने जागा मोकळी करा म्हटलं, तेव्हा भंगारवाला बोलावला. तो यायच्या आधी, का कोण जाणे, मी पाना आणला आणि पुढच्या उजव्या नळीचं टोपण उघडलं.

स्प्रिंगेच्या डोक्यावर, टोपणाखाली, बोटभर लांबीची एक ॲल्युमिनियमची नळी असते. ती स्प्रिंगेला थोडं आधीच दाबून ठेवते. माणूस हलका झाला की काका ती नळी एका टोकाने कानशीने घासून आखूड करत. ती मी बाहेर काढली, पुसली. दुसऱ्या टोकाला सुईने कोरलेले आकडे होते. ७१, चैत्र. ६६, भाद्रपद. ६१, ५७. पहिल्या टोकावर कानशीचे ओरखडे होते. बाबा जितके उतरले, तितकी नळी आखूड झाली होती. शेवटी, अगदी बारीक अक्षरांत: ४८, अंदाजे.

ते त्या दिवशी दमले नव्हते. काटा देऊन टाकला होता, म्हणून त्यांनी बाबांना हातांवर तोललं होतं.

मी पार्किंगमध्ये बसले होते आणि मला हळूहळू कळत होतं की त्यांनी वही बुडवली तरी आकडे बुडाले नव्हते. बडोद्यात त्यांच्या हाताखालून गेलेली प्रत्येक जुनी गाडी आपल्या माणसाचं वजन पोटात घेऊन फिरते आहे, किंवा कुठल्या तरी जिन्याखाली गंजते आहे. हे त्यांनी मुद्दाम केलं, की नुसती कारागिराची सवय होती, मला सांगता येत नाही. एवढं मात्र खरं, की ते आकडे त्यांनी ज्याचे होते त्याच्याजवळ ठेवले. बाकीच्या दहा जणांची घरं मला ठाऊक आहेत. त्यातले किती उरले, हेही ठाऊक आहे. मी कुणाच्याही गाडीला हात लावायला जाणार नाही. तो हक्क मी त्या दुपारीच गमावला.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरी, शेजारी, मामाकडे अशी जुनी मोटरसायकल असेल, घडियाळी पोळच्या काकांनी जिच्या पुढच्या स्प्रिंगा बदलल्या होत्या, तर ती भंगारात द्यायच्या आधी उजव्या नळीचं टोपण उघडा. उघडताना तोंड बाजूला ठेवा, आत स्प्रिंग दबलेली असते. काका हे प्रत्येकाला बजावत. स्प्रिंगेवरची छोटी नळी काढून पुसा, आकडे वाचा. मग ती घेऊन आत जा आणि ज्याचे ते आकडे आहेत त्याच्या हातात द्या. तो नसेल, तर त्याच्या बायकोच्या. विचारा, हे कुणाला सांगू का? हो म्हणाले, तर एकट्याने जाऊ नका, सगळे मिळून जा, आणि थांबू नका. नाही म्हणाले, तर नळी परत आत ठेवा आणि टोपण घट्ट करा.